‘आमचा व्यक्तिशः कोणाला विरोध नाही’ : समलिंगी व्यक्तींविषयी बोलताना पुढारी कोणाच्या आडून बोलतात?

मुठाकाठ (धागालेखक)

समलिंगी व्यक्तींविषयी आपल्याकडचे मंत्री, पुढारी, धर्मगुरू आणि वरिष्ठ अधिकारी जे बोलतात, त्याची कात्रणे मी बऱ्याच काळापासून जमवत आलो आहे. त्यातला उघड शिवराळपणा अलीकडे कमी झाला आहे आणि त्याबद्दल समाधान मानायला हरकत नाही. पण त्याच्या जागी जी सभ्य भाषा आली आहे, ती एकदा नीट तपासावी म्हणून हा धागा काढत आहे. ‘समाज अजून तयार नाही’, ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’, ‘लोकभावनेचा विचार करावा लागतो’, ‘चार भिंतींच्या आत कोणी काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे’, ‘या विषयावर व्यापक चर्चा व्हायला हवी’, आणि या सगळ्यांच्या आधी नैवेद्यासारखे ठेवलेले ‘आमचा व्यक्तिशः कोणाला विरोध नाही’. यातल्या प्रत्येक वाक्यात नकार आहे, मात्र नकार देणारा माणूस शोधूनही सापडत नाही. बंदूक नेहमी समाजाच्या, संस्कृतीच्या किंवा लोकभावनेच्या खांद्यावर असते.

२०११ सालचे एक उदाहरण घेतो. एचआयव्हीविषयी दिल्लीत भरलेल्या परिषदेत, देशभरातले महापौर आणि जिल्हा परिषदांचे अध्यक्ष समोर बसलेले असताना, तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री गुलाम नबी आझाद यांनी पुरुषापुरुषांमधील संबंधांना अनैसर्गिक म्हटले आणि हा आजार परदेशातून आपल्याकडे आला असे सांगितले. टीका सुरू झाल्यावर वक्तव्याचा विपर्यास झाला, ‘आजार’ हा शब्द एचआयव्हीला उद्देशून होता, असा खुलासा आला. २०१५ च्या जानेवारीत शेजारच्या गोव्यात याचीच पुनरावृत्ती झाली. क्रीडा व युवक व्यवहार मंत्री रमेश तवडकर यांनी एलजीबीटी तरुणांना ‘नॉर्मल’ करण्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रांसारखी केंद्रे उघडण्याची भाषा केली, देशभर गदारोळ झाला आणि आपल्या म्हणण्याचा चुकीचा अर्थ काढला गेला, असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. पहिले मंत्री काँग्रेसचे आणि दुसरे भाजपचे आहेत, तेव्हा हा धागा अमुक पक्षाविरुद्ध आहे असे समजून कोणी बाह्या सरसावू नयेत. विपर्यासाचा खुलासा नेहमी वार्ताहरांना दिला जातो. ज्यांच्याविषयी बोलले गेले, त्यांच्याकडे तोंड करून सहसा कोणी काही बोलत नाही.

दुसरी तऱ्हा अधिक सफाईची आहे. मार्च २०१६ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तेव्हाचे सहसरकार्यवाह दत्तात्रेय होसबळे यांनी एका जाहीर कार्यक्रमात, इतरांच्या आयुष्यावर परिणाम होत नसेल तर समलैंगिकतेला गुन्हा मानू नये, अशा आशयाचे विधान केले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्विटरवर स्पष्टीकरण दिले, की हा गुन्हा नसला तरी आपल्या समाजाच्या दृष्टीने ते अनैतिक कृत्य आहे, शिक्षेची गरज नाही, पण मानसिक प्रश्न म्हणून त्याकडे पाहायला हवे. ‘गुन्हा नाही’ या दोन शब्दांनी मथळा मिळाला आणि ‘पण’ नंतर जे आले त्याने आधीचे सगळे परत घेतले. असे वाक्य ऐकताना मी आता ‘पण’च्या अलीकडचा भाग कानाआड करतो.

जानेवारी २०१९ मध्ये, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल ठरून चार महिने झालेले असताना, लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांना या विषयी विचारले गेले. लष्कर कायद्यापेक्षा मोठे नाही हे मान्य करून त्यांनी लष्कर पुराणमतवादी आहे, आम्ही आधुनिकही झालेलो नाही आणि पाश्चात्त्यही झालेलो नाही, असे उत्तर दिले. बारा लाखांहून अधिक माणसांच्या संस्थेचा प्रमुख जेव्हा ‘आम्ही असे आहोत’ म्हणतो, तेव्हा त्या ‘आम्ही’मध्ये बसलेल्या समलिंगी सैनिकाचे काय होत असेल, हा विचार मला बराच काळ सोडत नाही.

वाचकांनी आपापल्या ऐकण्यातले नमुने द्यावेत, विशेषतः पुण्यातल्या व्यासपीठांवरचे. व्यक्तींवर चिखलफेक नको. वाक्य काय होते आणि ते कोणते काम करून गेले, एवढे लिहावे.

पर्वती_पायथा

धाग्याचा विषय महत्त्वाचा आहे, तरी एक शंका मांडतो. पाणीकपातीपासून नदीसुधारापर्यंत प्रत्येक विषयावर आपले पुढारी याच भाषेत बोलतात. ‘तपासून पाहू’, ‘सकारात्मक विचार करू’, ‘सर्वांना विश्वासात घेऊ’ ही वाक्ये ऐकत पुणेकरांच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. मग इथेच या गुळमुळीतपणामागे पूर्वग्रह आहे असे का मानायचे? मतांची भीती हे कारण पुरेसे वाटते.

मुठाकाठ

शंका रास्त आहे. पाण्याबद्दल टोलवाटोलवी करणारा पुढारी तुम्हाला तहान लागते हे नाकारत नाही, आणि तुमची तहान परदेशातून आली असेही म्हणत नाही. इथे टोलवाटोलवी करताना समोरच्या माणसाच्या असण्यावरच शेरा मारला जातो, तोही दुसऱ्याच्या नावाने. शिवाय मतांची भीती म्हटली तरी ती कोणाच्या मतांची, हे विचारायला हवे. घाबरणाऱ्याने पूर्वग्रह बाळगलाच पाहिजे असे नाही, पण ज्याला तो घाबरतो त्याचा पूर्वग्रह तो बिनभाड्याने वाहून नेतो.

कोर्टकचेरी

वकिलीच्या पेशामुळे थोडी भर घालतो, कारण ही भाषा सभा-मेळाव्यांपुरती मर्यादित नाही. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कौशल प्रकरणात कलम ३७७ पुन्हा जिवंत केले, तेव्हा त्या निकालात समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्ती म्हणजे देशाच्या लोकसंख्येचा अत्यल्प हिस्सा असून दीडशेहून अधिक वर्षांत दोनशेहून कमी लोकांवर खटले चालले, असा युक्तिवाद होता आणि त्यांच्या हक्कांच्या आधी ‘तथाकथित’ हे विशेषण लावलेले होते. थोडे आहेत म्हणून हक्क नाही, हे कोणत्याही न्यायाधीशाने इतक्या उघड शब्दांत लिहिले नसते. संख्या आणि एक विशेषण पुढे केले की ते न लिहिताच लिहिले जाते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढचा मुद्दा वेगळा असूनही न्या. चंद्रचूड यांनी या विशेषणाची आवर्जून दखल घेतली आणि हे हक्क तथाकथित नसून खरे हक्क आहेत असे नोंदवले. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज जोहर प्रकरणात पाच न्यायाधीशांनी एकमताने, प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते, ते कलम मोडीत काढले.

धागालेखकांनी ‘व्यापक चर्चा’ या शब्दांचा उल्लेख केला आहे, त्याची कागदोपत्री गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कलम ३७७ चा प्रश्न न्यायालयाच्या विवेकावर सोडत असल्याचे प्रतिज्ञापत्र दिले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे समलिंगी विवाहाचा प्रश्न आला तेव्हा त्याच सरकारने हा विषय न्यायालयाचा नसून संसदेचा आहे असे सांगितले, आणि संसदेत काय होते ते आपण आधी पाहिले होते : डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर यांचे कलम ३७७ बदलणारे खासगी विधेयक लोकसभेने मांडूसुद्धा दिले नाही. चोवीस मते बाजूने आणि एकाहत्तर विरोधात पडली. ज्या विधेयकाला मांडण्याचीच परवानगी नाही, त्यावर व्यापक चर्चा कोठे करायची? एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राज्यांची मते मागवली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी सरळ विरोध कळवला. आपल्या महाराष्ट्राने उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम यांच्या पंगतीत बसून, हा विषय सखोल आणि विस्तृत चर्चेचा असल्याने लगेच उत्तर देता येणार नाही, असे कळवले. जोतिराव फुल्यांचे नाव प्रत्येक भाषणात घेणाऱ्या राज्याला हो किंवा नाही यांपैकी एकही अक्षर लिहिता येऊ नये, याचे मला आजही वाईट वाटते.

त्याच महिन्यात बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव केला की देशातील ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक समलिंगी विवाहाच्या विरोधात आहेत. अशिलाने अशी टक्केवारी सांगितली तर कोणताही वकील त्याला ‘पुरावा आहे का’ असे आधी विचारतो.

औंधचा_वाचक

मी या धाग्यावर अल्पमतात असणार याची कल्पना आहे. विवाह हा स्त्री आणि पुरुष यांच्यातला संस्कार आहे, असे मी धर्मश्रद्धेने मानतो. माझ्या परिचयात समलिंगी व्यक्ती आहेत, त्यांच्या घरी मी जेवलो आहे, आणि त्यांना कोणी त्रास दिला तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. तरीसुद्धा विवाहाबद्दलचे माझे मत बदललेले नाही. आता ‘माझा व्यक्तींना विरोध नाही’ हे माझ्याबाबतीत खरे असताना, तुमच्या कसोटीनुसार ते वाक्य उच्चारताच मी ढोंगी ठरतो. मग माझ्यासारख्याने कोणते वाक्य बोलावे, हे धागालेखकांनी सांगावे.

मुठाकाठ

तुम्ही वर जे लिहिले आहे, तेच बोलावे. ‘मी असे मानतो’ असे म्हणून तुम्ही स्वतःच्या सहीने मत दिले आहे. त्यामुळे मला तुमच्याशी वाद घालता येतो, तुमच्या श्रद्धेने विशेष विवाह कायद्यासारख्या निधर्मी कायद्याला का बांधावे असे विचारता येते, आणि उद्या तुमचे मत बदलले तर तेही तुमचेच असेल. डिसेंबर २०१३ मध्ये भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष राजनाथ सिंह यांनी, समलैंगिकता हे अनैसर्गिक कृत्य असून त्याचे समर्थन करता येत नाही आणि म्हणून आपला कलम ३७७ ला पाठिंबा आहे, असे सरळ सांगितले होते. ते मत मला पूर्णपणे चुकीचे वाटते, पण ते कोणाचे आहे याविषयी संभ्रम नव्हता आणि मतदाराला त्याचा हिशेब मागता येत होता. माझी तक्रार ज्यांना विरोध करायचा आहे पण विरोधक म्हणून ओळखले जायचे नाही, त्यांच्याविषयी आहे. तुम्ही त्यांच्यात नाही.

अकरा_महिने

मी समलिंगी आहे आणि पुण्यात नोकरी करतो. वर मोठमोठ्या व्यासपीठांची उदाहरणे आली आहेत, म्हणून एका सोसायटीच्या कार्यालयातले उदाहरण देतो. माझा जोडीदार आणि मी वारज्यात दोन खोल्यांची जागा पाहिली. मालक दुसऱ्या गावी राहणारे होते, त्यांना वेळेवर भाडे मिळण्याशी मतलब होता. एजंटने करार, डिपॉझिट, पोलीस पडताळणी हे सगळे समजावून सांगितले आणि शेवटी सेक्रेटरींना एकदा भेटून या म्हणाला. आम्ही लपवाछपवी करायची नाही असे ठरवले होते, त्यामुळे नाते काय ते सांगितले. सेक्रेटरी काका अतिशय सौजन्याने बोलले. त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, “माझं म्हणाल तर मला काहीच नाही हो. मी मुलाकडं अमेरिकेत राहून आलोय, सगळं बघितलंय. पण आपल्याकडं सीनिअर सिटिझन आहेत, लहान मुलं आहेत. उद्या मीटिंगमध्ये कुणी विषय काढला तर मी काय सांगू? आणि नियमात आहेच की, फक्त फॅमिलीला द्यायचं.” थोडे थांबून त्यांनी तोडगाही सुचवला. “दोन मित्र म्हणून राहा, बाकी काही बोलू नका, मग माझी हरकत नाही.”

आम्ही ती जागा घेतली नाही. पुढे योगायोगाने त्याच इमारतीत राहणाऱ्या एका सहकाऱ्याच्या घरी जाणे झाले, तेव्हा त्याच्या सत्तरीच्या आईंना विचारले. त्या म्हणाल्या, “आम्हाला कुणी विचारलंच नाही रे. मुळात तो फ्लॅट रिकामा आहे हेच ठाऊक नव्हतं.” ज्या ज्येष्ठ नागरिकांच्या भावना दुखावणार होत्या, त्यांतल्या एक अशा. केंद्र सरकारने मार्च २०२३ च्या प्रतिज्ञापत्रात भारतीय कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि मुले अशी व्याख्या मांडली, तेव्हा मला सेक्रेटरी काकांचा तो ‘फॅमिली’चा नियम आठवला. त्या व्याख्येत माझी विधवा आत्या आणि तिच्याकडे वाढलेला माझा चुलतभाऊसुद्धा बसत नाहीत, पण त्यांना कोणी जागा नाकारत नाही.

एक विनंती आहे. त्या सोसायटीचे नाव कोणी विचारू नये. ते काका वाईट नव्हते, आणि मला त्यांची जाहीर शोभा करायची नाही.

सदाशिव_पेठी

‘दोन मित्र म्हणून राहा’ हा सल्ला म्हणजे ‘चार भिंतींच्या आत’ या वाक्याचे पुढचे पाऊल आहे. चार भिंती भाड्याने देतानाच अट घातली, म्हणजे भिंतींच्या आतही मोकळीक राहिली नाही. अवांतर : पुण्यात एकट्या पुरुषाला, एकट्या स्त्रीला, अंडी खाणाऱ्याला आणि कुत्रा पाळणाऱ्यालाही हाच ‘माझं काही नाही हो’ ऐकावा लागतो, तेव्हा सेक्रेटरींच्या या शैलीचा स्वतंत्र धागा काढावा.

निदान_आणि_उपचार

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. धाग्यात ‘मानसिक प्रश्न’ आणि ‘केंद्रे’ यांचा उल्लेख आला, त्यावर लिहिणे मला कर्तव्य वाटते. उपचाराची भाषा ही या सगळ्यात सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक आहे, कारण तिच्यात तिरस्काराच्या जागी काळजी दिसते. डिसेंबर २०१३ मध्ये बाबा रामदेव यांनी समलैंगिकता ही वाईट सवय आहे, आश्रमात या, योगाने बरे करू, असे आवाहन केले होते. वरवर पाहता त्यात शिवी नाही, धमकी नाही, उलट आमंत्रण आहे. पण बरे करण्याचे आमंत्रण देण्यासाठी आधी माणसाला आजारी ठरवावे लागते.

वैद्यकशास्त्राची भूमिका यात जराही संदिग्ध नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्याच्या आधी, हा मनोविकार नाही असे निवेदन प्रसिद्ध केले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तर स्पष्ट तरतूद आहे की समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक किंवा धार्मिक मूल्यांशी एखादी व्यक्ती जुळत नाही एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले (‘तथाकथित’ हे विशेषण इथे योग्य जागी बसले आहे, असे कोर्टकचेरी यांना वाटेल), आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

एवढे असूनही माझ्याकडे आईवडील विशीतल्या मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, “डॉक्टर, आम्ही जुन्या विचारांचे नाही. तो काही गुन्हा करतोय असं आमचं म्हणणं नाही. फक्त काही गोळी वगैरे असेल तर बघा.” हे शब्द त्यांनी घरी घडवलेले नसतात. गुन्हा नाही पण विकार आहे, शिक्षा नको पण उपचार हवा, हा साचा त्यांनी टीव्हीवर प्रतिष्ठित माणसांच्या तोंडून ऐकलेला असतो, आणि तो उच्चारताना आपण समंजस पालक आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. मी गोळी नाही म्हणून सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा मुलगा जमिनीकडे पाहत असतो आणि वडील दुसऱ्या डॉक्टरांचे नाव विचारतात.

नारायण_पेठ_पेन्शनर

ही भाषा नवी नाही, हे तरुण वाचकांच्या लक्षात आणून द्यावेसे वाटते. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत आणि त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशा प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. प्रश्न लैंगिक विषयावरचा असेल तर उत्तरही त्याच विषयावर असणार, त्याला अश्लील का म्हणायचे, असा त्यांच्या बाजूचा रोख होता. कर्व्यांना दंड झालाच. उत्तर शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे असे कोणाला सिद्ध करावे लागले नाही. ‘सभ्य वाचकांच्या अभिरुचीला धक्का’ एवढे पुरेसे ठरले. आमच्या शहरात ज्यांचे नाव रस्त्याला आहे त्यांच्याच घरातल्या माणसाला हे सोसावे लागले, पण पुण्यातल्या व्याख्यानमालांतून र. धों. कर्व्यांवर बोलणारे वक्ते संततिनियमनापाशी थांबतात आणि या खटल्यातला नेमका विषय कोणता होता ते सांगताना ‘काही नाजूक प्रश्न’ असे म्हणून घड्याळाकडे पाहतात, असे मी एकाहून अधिक वेळा ऐकले आहे.

सहकारनगर_२

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. आपण ज्याला आडपडदा म्हणतो, ती कधीकधी शिडीसुद्धा असते. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी संघाशी संबंधित नियतकालिकांना दिलेल्या मुलाखतीत, अशा व्यक्ती पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे, असे सांगून जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला दिला. लाखो स्वयंसेवकांच्या घरांत जे वाक्य कोणत्याही न्यायालयाचे पोहोचले नसते, ते या दाखल्यामुळे पोहोचले. मोठ्या संघटनेचा प्रमुख एका रात्रीत भूमिका बदलत नाही. तो आधी परंपरेत जागा शोधतो. त्याला लगेच ढोंग म्हटले, तर पुढची पायरी कोणी चढणार नाही.

मुठाकाठ

त्या मुलाखतीचे श्रेय मी नाकारत नाही. ‘हे परदेशातून आले’ हा मुद्दा तिने निदान त्या वर्तुळात तरी निकालात काढला, आणि तो काही लहान फरक नाही. मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये होसबळे यांनी विवाह हा भिन्नलिंगी व्यक्तींमध्येच होऊ शकतो अशी संघाची भूमिका मांडली आणि त्यापुढच्याच महिन्यात केंद्राने न्यायालयात समलिंगी विवाहाची मागणी ‘शहरी उच्चभ्रूंची’ असल्याचे म्हटले. जरासंधाचे सेनापती शहरी उच्चभ्रू होते की काय, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. सुनावणीत सरन्यायाधीशांनी या म्हणण्याला कोणतीही आकडेवारी नाही असे सुनावले, आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालपत्रात त्यांनी हा मुद्दा सविस्तर खोडून काढला. निकाल मात्र याचिकाकर्त्यांच्या विरोधात गेला. शिडी म्हणायची तर ती वर जाण्यासाठी ठेवली आहे की तिच्यावर बसण्यासाठी, हे पाहावे लागेल.

कर्वेनगर_शिक्षिका

‘लहान मुले आहेत’ या सबबीबद्दल दोन शब्द. १९८८ मध्ये ब्रिटनने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यात कलम २८ घातले, ज्यानुसार नगरपालिकांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करण्यास आणि शाळांतून समलिंगी नात्याला कुटुंब म्हणून मान्य असल्यासारखे शिकवण्यास मनाई झाली. हे कलम इंग्लंडमधून जायला २००३ साल उजाडले. रशियाने २०१३ मध्ये अल्पवयीन मुलांच्या रक्षणासाठी म्हणून प्रचारबंदी आणली, २०२२ मध्ये ती प्रौढांनाही लागू केली आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. मुलांच्या नावाने सुरू झालेले मुलांपाशी थांबले नाही. माझ्या वर्गात दरवर्षी एखादा तरी मुलगा त्याच्या चालण्याबोलण्यावरून चिडवला जातो. त्याच्या रक्षणाविषयी एखाद्या पुढाऱ्याचे भाषण माझ्या तरी ऐकण्यात नाही, आणि तोही लहान मूलच आहे.

औंधचा_वाचक

शिक्षिकाबाईंचा मुद्दा मला पटला. माझे विवाहाबद्दलचे मत कायम आहे, पण ‘मुलांवर परिणाम होतो’ हे वाक्य मी स्वतः एकदोन ठिकाणी वापरले होते आणि ते कोणत्या मुलांविषयी होते याचा विचार केला नव्हता. कोर्टकचेरी यांना एक प्रश्न : सरकारी भाषेत याविषयी सरळ लिहिलेले असे काही आहे का?

कोर्टकचेरी

आहे, आणि ते वाचायला सुखद आहे. विवाहाच्या २०२३ च्या निकालानंतर केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २८ ऑगस्ट २०२४ रोजी अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले, की क्विअर (समलिंगी, पारलिंगी इत्यादी) समुदायातील व्यक्तींना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नाव नामनिर्देशित करण्यास कोणतेही निर्बंध नाहीत. त्यात समाज, संस्कृती, भावना यांपैकी काहीही नाही. दोन व्यक्ती आहेत, त्यांचे खाते आहे, निर्बंध नाही. खासगी विधेयक म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यातील बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक लोकसभेत मांडले होते. त्यावर आपल्या भागातल्या इतर लोकप्रतिनिधींना थेट विचारता येईल.

अकरा_महिने

विचारायचे असेल तर मी मसुदा करतो. पहिला प्रश्न : समलिंगी जोडप्याला केवळ त्या कारणाने भाड्याची जागा नाकारणे बेकायदा ठरवणारा कायदा राज्याने करावा, असे आपल्याला वाटते का? दुसरा प्रश्न : विशेष विवाह कायद्यातील दुरुस्तीला आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे का? उत्तर हो किंवा नाही एवढेच द्यावे अशी विनंती त्याखाली लिहिता येईल. पुण्यातले आमदार आणि खासदार यांच्या जनसंपर्क कार्यालयांत पत्र प्रत्यक्ष द्यावे आणि पोच घ्यावी. ईमेलला उत्तर येत नाही असा अनुभव आहे.

पर्वती_पायथा

मी दोन कार्यालयांत जाऊन पत्र देईन, माझ्या रोजच्या रस्त्यावर आहेत. मसुद्यात एक दुरुस्ती करावी. दुसऱ्या प्रश्नात ‘आपल्या पक्षाचा’ काढून ‘आपला’ असे लिहावे, नाहीतर पत्र पक्षश्रेष्ठींकडे पाठवले असे सांगून साहेब मोकळे होतील.